घरच्या ध्वनिमुद्रणासाठी खरे बोलणारे स्पीकर

गाणे शिकणाऱ्या मुलाच्या घरी एके काळी पेटी, तबला-डग्गा आणि ऐपत असल्यास एक तानपुरा एवढे साहित्य असले म्हणजे पुरत असे. आता त्यांच्या जोडीला संगणक आणि मायक्रोफोन आले आहेत. आपले गाणे आपणच ध्वनिमुद्रित करावे, त्याला तबल्याची साथ जोडावी, मागे तानपुरा धरावा आणि ते इष्टमित्रांस ऐकवावे, ही हौस इंदूरच्या मुलाला आहे तशी हैदराबादच्या मुलीलाही आहे. हौस चांगली आहे. परंतु या वाटेवर एक दिवस असा येतो की, मूल आईवडिलांपाशी ‘स्टुडिओ मॉनिटर’ नावाच्या वस्तूसाठी दहा-पंधरा हजार रुपये मागते. घरात दूरचित्रवाणीला जोडलेला साउंडबार आहे, ब्लूटूथवर चालणारा लहानसा स्पीकर आहे. मग हे तिसरे खूळ कशाला, असे वडिलांनी विचारले तर त्यांचा प्रश्न रास्तच म्हणावा लागेल.

त्याचे उत्तर त्या वस्तूच्या नावातच आहे. वर्गातला मॉनिटर आपल्या सर्वांच्या परिचयाचा असतो. तो कोणाचे लाड करीत नाही. कोण बोलले, कोण उठले, ते फळ्यावर लिहून ठेवतो. स्टुडिओतील मॉनिटरचे कामही तेच. घरगुती स्पीकर ऐकणाऱ्याला सुख व्हावे म्हणून घडविलेला असतो. त्याचा खर्ज थोडा फुगविलेला, वरचे स्वर थोडे चकचकीत केलेले असतात. तयार गाणे ऐकावयाचे असेल तर यात वावगे काही नाही. जेवणाऱ्याने पानात वरून मीठ घेतले तर बिघडत नाही. परंतु स्वयंपाक करणाऱ्याच्या जिभेवर आधीच मीठ असेल तर आमटी अळणीच व्हावयाची.

समजा, एका मुलीने महिनाभर खपून एक भजन ध्वनिमुद्रित केले. तिच्या स्पीकरवर डग्गा फार घुमतो असे वाटून तिने तो खाली आणला. आवाज झाकोळतो असे वाटून तो वर चढविला. घरी सारे छान जमले. मग ते भजन नागपूरच्या मामांनी मोटारीत लावले, तर तबला पत्र्याच्या डब्यासारखा आणि गळा कर्कश! दोष वास्तविक त्या गोडबोल्या स्पीकरचा; परंतु पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला ते कसे कळावे? ती आपल्या गळ्यालाच दोष देते आणि पुष्कळदा येथेच हौस संपते. मॉनिटरची खरी गरज या ठिकाणी आहे. तो गाणे गोड करीत नाही. त्यावर नीट जमलेले गाणे मोटारीत, भ्रमणध्वनीवर आणि शेजाऱ्याच्या साउंडबारवरही बरेचसे तसेच लागते, एवढेच त्याचे मोल.

खरे बोलणारा स्पीकर म्हणजे महाग स्पीकर, असा मात्र समज करून घेऊ नये. ब्रिटनच्या बीबीसी या नभोवाणी संस्थेतील अभियंत्यांना १९७० च्या सुमारास बाहेरगावच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मावेल असा चिमुकला मॉनिटर हवा होता. त्यातून ‘एलएस ३/५ ए’ हा विख्यात स्पीकर निर्माण झाला. त्याची पेटी एखाद्या जाड शब्दकोशाहून फार मोठी नाही. हे अभियंते स्पीकर पारखताना वाद्यवृंदाबरोबर मनुष्याच्या साध्या बोलण्याचाही उपयोग करीत. बोलणारा माणूस शेजारीच उभा असे. त्याचा प्रत्यक्ष आवाज आणि स्पीकरमधून येणारा आवाज यांची तुलना केली जाई. मनुष्याच्या आवाजातला खोटेपणा कानाला चटकन कळतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे दुकानात ती उपयोगी पडणार आहे.

दुसरे उदाहरण तर त्याहून गमतीचे आहे. जपानच्या यामाहा कंपनीने १९७८ साली ‘एनएस-१०’ नावाचा एक घरगुती स्पीकर बाजारात आणला. घरी गाणी ऐकणाऱ्यांना तो फारसा रुचला नाही; खर्ज तोकडा, मधले स्वर टोचणारे. परंतु ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी तो उचलला आणि त्याचा पांढरा पडदा जगभरच्या स्टुडिओंतून दिसू लागला. वरचे स्वर फार बोचतात म्हणून काहींनी त्याच्या लहान स्पीकरवर पातळ टिपकागदही चिकटविला! २००१ साली त्याचे उत्पादन थांबले. त्याच वर्षी इंग्लंडमधील काही अभ्यासकांनी या स्पीकरच्या यशाचे कारण शोधणारा एक निबंध प्रसिद्ध केला. बंद पेटीच्या या स्पीकरमधून निघालेला आवाज जेथे थांबावयास हवा तेथे चटकन थांबतो, मागे घुमत राहत नाही, हा त्याचा मोठा गुण त्यांना आढळला. म्हणजे खर्ज कमी असणे हा एवढा मोठा दोष नव्हे. नसलेला खर्ज असल्याचे भासविणे हा मोठा दोष.

आपल्या संगीताच्या दृष्टीने याचा थोडा अधिक विचार करू. काळी एक या स्वरात गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा, म्हणजे १३९ हर्ट्‌झचा असतो. त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, सुमारे ६९ हर्ट्‌झवर लागते. काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा खर्ज १०४ हर्ट्‌झच्या आसपास येतो. आता तीन-साडेतीन इंच पडद्याचे लहान मॉनिटर बहुधा ८० हर्ट्‌झच्या खाली लंगडे पडतात. मग त्यांवर पुरुषाचा खर्ज ऐकूच येणार नाही काय? येतो; आणि याचे श्रेय तानपुऱ्याला व आपल्या मेंदूला आहे. तानपुऱ्याच्या रुंद घोडीमुळे आणि तिच्यावरील सुतामुळे तारेतून अनेक जोमदार उपस्वर उमटतात. या घोडीचे रहस्य चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यास असताना १९२१ साली आपल्या एका निबंधात उलगडून दाखविले होते. हे उपस्वर १३९, २०८, २७७ अशा पटीने चढत जातात. ते कानी पडले की त्यांचा मूळ स्वर कोणता असावा हे मेंदू आपोआप जाणतो आणि स्पीकरमध्ये नसलेला खर्ज आपण ऐकतो. म्हणून गळा, तानपुरा, पेटी, सतार, बासरी एवढ्यावर ज्याचे काम आहे त्याला मधले स्वर स्वच्छ सांगणारा लहान मॉनिटर पुष्कळ उपयोगी पडतो. डग्ग्याच्या घुमाऱ्याचा अंदाज मात्र त्याला कमी येईल. ढोल, विजेवरची बास गिटार किंवा आधुनिक तालयंत्रे वापरणाऱ्याने पाच इंच पडद्याकडे जावे. दहा फुटी खोलीत आठ इंची मॉनिटर मांडणे हे आमच्या मते पैसे देऊन डोकेदुखी विकत घेणे होय. त्याचे कारण पुढे येईलच.

माहितीपत्रकातील आकडे वाचण्याचीही एक रीत आहे. यामाहाच्याच ‘एचएस ५’ या पाच इंची मॉनिटरच्या पत्रकात तो ५४ हर्ट्‌झपर्यंत उतरतो असे दिलेले असते. परंतु त्या टोकाला आवाज दहा डेसिबलने खाली गेलेला, म्हणजे कानाला जवळजवळ निम्मा वाटणारा असतो. तीन डेसिबलची अधिक कडक कसोटी लावली तर हाच आकडा ७४ वर येतो. कंपनीने दोन्ही आकडे दिले हे तिला भूषणावह आहे. काही पत्रकांत नुसता आकडा असतो, कसोटी दिलेलीच नसते. असा आकडा निरर्थक समजावा. वॅटचेही तसेच. वॅट दुप्पट झाले तरी आवाज तीनच डेसिबलने, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका वाढतो. पीएमपीओ या नावाखाली हजारो वॅट छापणाऱ्या जाहिराती पुष्कळांना आठवत असतील. तो प्रकार येथे मनातून काढून टाकावा. हातभर अंतरावर बसून काम करणाऱ्याला वीस-तीस खरे वॅट विपुल होतात.

किमतीविषयी स्पष्ट बोलावयाचे तर, आपल्या देशात अशा लहान मॉनिटरांची जोडी साधारणपणे दहा हजार रुपयांच्या आसपास सुरू होते आणि पाच इंची नामांकित जोडीला तिच्या दुप्पट ते चौपट पडतात. येथे एक फसगत सांभाळावी: मोठे मॉनिटर पुष्कळदा एकेक नग विकले जातात आणि छापील किंमत एकाचीच असते. स्वस्त जोड्यांत बहुधा एकाच पेटीत शक्तिवर्धक यंत्र, म्हणजे ॲम्प्लिफायर असते आणि दुसरी पेटी तारेने तिला जोडावयाची असते. महागड्यांत प्रत्येकाचे यंत्र वेगळे. शिकाऊ माणसाला पहिली सोय पुरेशी आहे. ब्लूटूथची सोय असली तर असो; मात्र काम करताना तारच वापरावी, कारण बिनतारी आवाज किंचित उशिराने पोहोचतो आणि तालाच्या कामात तेवढा उशीरही चालत नाही.

आता खोलीकडे वळू, कारण निम्मा मॉनिटर खोली हाच असतो. वर सांगितलेल्या ६९ हर्ट्‌झच्या खर्जाची एक लहर हवेत सुमारे सोळा फूट लांब असते. आपल्या घरची खोली दहा बाय दहा. एवढी लांब लहर भिंतीवर आपटून परत फिरते आणि समोरून येणाऱ्या लहरीत मिसळते. कोठे दोन्ही मिळून दुप्पट होतात, कोठे परस्परांना खाऊन टाकतात. दहा फूट लांबीच्या खोलीत साधारण ५६ हर्ट्‌झचा स्वर असा अडकून घुमतो. आठ फूट रुंदीच्या खोलीत तर काळी एकचा खर्जच नेमका अडकतो. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहा फूट असतील तर ती खोली सर्वांत वाईट, कारण तिन्ही दिशांना एकच स्वर घुमत राहतो. याची प्रचिती घेणे सोपे आहे. बासचा एक लांब स्वर लावून ठेवावा आणि खोलीत सावकाश फिरावे. भिंतीपाशी, विशेषतः कोपऱ्यात, तो अंगावर येईल; खोलीच्या मध्यावर तो जवळजवळ नाहीसाही होईल. हा फरक दोन मॉनिटरांच्या किमतीतल्या फरकाहून कितीतरी मोठा असतो. मोठा पडदा लहान खोलीत का नको, हेही यावरून दिसून येईल: जो खर्ज खोलीला झेपत नाही तोच तो अधिक जोराने ओततो.

यावर उपाय घरातच आहेत. खोलीच्या लांबीच्या दिशेने तोंड करून बसावे, परंतु बरोबर मध्यावर बसू नये आणि पाठ भिंतीला लावूनही बसू नये. दोन मॉनिटर आणि ऐकणाऱ्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा; प्रत्येक बाजू तीन-साडेतीन फूट असली तर घरात पुरते. मॉनिटरमधला लहान स्पीकर कानाच्या उंचीवर यावा. टेबल बुटके असेल तर विकतच्या बैठका घेण्यापूर्वी जाड कापडात गुंडाळलेल्या दोन-दोन विटा आणि त्यांवर रबराचा तुकडा वापरून पाहावा. मॉनिटर भिंतीला चिकटविला की खर्ज फुगतो. म्हणून तो शक्य तितका पुढे ओढावा. जागाच नसेल तर पुष्कळ मॉनिटरांच्या पाठीमागे खर्ज कमी करणारी जी कळ असते तिचा उपयोग करावा. एक मॉनिटर खिडकीच्या काचेशेजारी आणि दुसरा कपाटाशेजारी, अशी विषम मांडणी टाळावी.

मग टाळी वाजवून पाहावी. सिमेंटच्या उघड्या भिंती आणि फरशी असलेल्या खोलीत टाळीमागे झणझणाट उमटतो. या कामाला घरातल्या दुसऱ्या माणसाची मदत घ्यावी: मुलाने आपल्या जागी बसावे आणि धाकट्या भावंडाने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवीत न्यावा. ज्या ठिकाणी आरशात मॉनिटर दिसेल, नेमक्या त्याच ठिकाणाहून आवाज परतून कानाशी येतो. तेथे जाड गोधडी भिंतीपासून थोडी सुटी टांगावी, किंवा पुस्तकांनी भरलेली फळी ठेवावी. कपड्यांचे उघडे कपाट, कापसाची गादी, सतरंजी हे सारे मदतीला येते. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला चिकटविण्याची एक प्रथा पडली आहे. त्यांनी खर्जाला काडीचाही अटकाव होत नाही, आगीचे भय मात्र वाढते. बाजारात मिळणारा इंचभर जाडीचा स्पंजही वरचेच स्वर शोषतो. पुढे सवड झाली तर चार इंच जाडीच्या रॉकवुलच्या चौकटी करून, त्यांवर कापड ताणून कोपऱ्यांत उभ्या कराव्यात. सुताराकडून त्या थोडक्यात होतात.

दुकानात जाताना आपल्या ओळखीची चार गाणी बरोबर न्यावीत: एक नुसता गळा आणि तानपुरा, एक तबल्याचे, एक वाद्यवृंदाचे. त्याखेरीज आणखी एक चीज न्यावी. आई किंवा आजी यांपैकी कोणीतरी दोन मिनिटे साधे बोलते आहे, असे ध्वनिमुद्रण घरच्या मायक्रोफोनवर करून घ्यावे आणि शक्य झाल्यास त्या व्यक्तीलाही दुकानात न्यावे. बीबीसीच्या अभियंत्यांची कसोटी ती हीच. आईचा आवाज सर्दी झाल्यासारखा, पिंपातून आल्यासारखा किंवा ‘स’ आणि ‘श’ शिटीसारखे ऐकू येत असतील तर ती जोडी बाजूला ठेवावी. दोन जोड्यांची तुलना करताना दोहोंचा आवाज सारखा लावण्याचा आग्रह धरावा, कारण किंचित मोठ्याने वाजणारी जोडी कानाला नेहमीच सरस वाटते आणि विक्रेत्यांना हे पक्के ठाऊक असते. पहिल्या क्षणी ‘वा!’ म्हणावयास लावणाऱ्या जोडीविषयी आम्हांस तरी संशयच येतो. गावात असे दुकान नसेल आणि घरपोच मागवावे लागत असेल, तर परत करण्याची मुदत आधी विचारून घ्यावी आणि हीच परीक्षा घरी करावी.

एवढे पैसे आज नसतील तर काय? तर कानावर बसणारे बरे हेडफोन घ्यावेत आणि मॉनिटर वर्षभराने घ्यावेत, यात काही बिघडत नाही. हेडफोनवर खोलीचा त्रास नाही आणि शेजाऱ्यांचाही नाही. मात्र त्यात डाव्या बाजूचा आवाज डाव्याच कानी जातो, उजव्याचा उजव्या. त्यामुळे वाद्ये एकमेकांपासून जरा जास्तच दूर भासतात. गळा आणि साथ यांचे प्रमाण ठरविताना ही गोष्ट लक्षात ठेवून शेवटी एकदा साध्या स्पीकरवर ऐकून पाहावे.

हेडफोन असोत वा मॉनिटर, आवाजाची पातळी आईवडिलांनी स्वतः लक्ष देऊन पाहावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली घालून दिलेल्या प्रमाणानुसार प्रौढांनी ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये, आणि मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. दर तीन डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते: ८३ ला वीस तास, ८६ ला दहा. एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. घरगुती कसोटी अशी की, मॉनिटर चालू असताना शेजारी बसलेल्या माणसाशी आवाज न चढविता बोलता आले पाहिजे. कामाच्या दृष्टीनेही हेच हिताचे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले की, आवाज लहान असताना कानाला खर्ज कमी ऐकू येतो आणि मोठा केला की तो भरून येतो. म्हणून एका ठरावीक मध्यम पातळीवर काम करावे, नाहीतर दर तासाला डग्ग्याचे माप बदलत राहील. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. त्या वेळी हेडफोनच बरे.

जोडणीची दोन-चार पथ्ये सांगून हा विषय पुरा करू. मॉनिटर आणि संगणक यांमध्ये तीन वाहकांची ‘बॅलन्स्ड’ तार वापरावी. तिच्या दोन वाहकांतून एकच आवाज सुलट व उलट असा जातो आणि वाटेत शिरलेली गुणगुण दुसऱ्या टोकाला वजा होते. तरीही घुमल्यासारखा आवाज येत असेल तर भिंतीतील सॉकेटचे अर्थिंग तारतंत्र्याकडून तपासून घ्यावे. जुन्या घरांतून ते पुष्कळदा नसतेच. प्लगचा तिसरा पाय काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो जिवावर बेतणारा आहे. संगणक आणि दोन्ही मॉनिटर शक्यतो एकाच फळीवरील सॉकेटांना जोडावेत. अमेरिकेहून येणाऱ्या आप्ताकडून जोडी मागविली असेल तर तिच्या पाठीवरील आकडा पाहिल्यावाचून ती लावू नये. तिकडील वीज १२० व्होल्टची आणि आपली २३० ची, आणि बदलाची कळ प्रत्येक मॉनिटरला असतेच असे नाही. रोजच्या वापरात मॉनिटर सर्वांत शेवटी सुरू करावेत आणि बंद करताना सर्वांत आधी बंद करावेत, म्हणजे संगणक व इतर यंत्रे चालू-बंद होताना जो ‘धप्प’ असा धक्का येतो तो पडद्यापर्यंत पोहोचत नाही.